चुनखडीतली चुंबकीय खनिजं आली कुठून? उगम शोधण्याची पद्धत, पायरीपायरीने

चुनखडीचं मुख्य खनिज कॅल्साइट. शुद्ध कॅल्साइटला चुंबकाचं आकर्षण नाही. ते चुंबकापासून किंचित दूरच सरतं. त्याचा मॅग्नेशियमयुक्त भाऊबंद डोलोमाइट, तोही शुद्ध असेल तर तसाच. तरीही पांढऱ्या चुनखडीचा छोटा दंडगोल संवेदनशील मॅग्नेटोमीटरमध्ये ठेवला की कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यातून वाचता येते. ही दिशा सांभाळणारे कण खडकात नावापुरतेच असतात. बाहेरचं क्षेत्र दिलं की पदार्थ किती चुंबकित होतो, ती त्याची चुंबकग्राह्यता. कॅल्साइटची चुंबकग्राह्यता उणे आणि अगदी लहान, तर मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडची अधिक आणि प्रचंड मोठी. त्यामुळे वजनाने दहा लाख भाग कॅल्साइटमध्ये आठ-दहा भाग मॅग्नेटाइट मिसळलं, की दोघांची बेरीज शून्याच्या आसपास येते. म्हणून ग्राह्यता शून्य आली तरी खडकात चुंबकीय खनिज नाही, असं म्हणता येत नाही.

हे मूठभरसुद्धा नसलेले कण आले कुठून, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. इटलीतल्या गुब्बिओ इथल्या खोल समुद्रात साचलेल्या चुनखडीतून १९७७ साली क्रिटेशस काळाच्या उत्तरार्धातल्या आणि पॅलिओसीनमधल्या ध्रुवबदलांची, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांच्या अदलाबदलीची, क्रमवारी प्रसिद्ध झाली. ती आजही आदर्श मानली जाते, कारण तिथले चुंबकीय कण गाळाबरोबरच किंवा गाळ साचल्यावर लवकरच दिशा धरून बसले होते. उलट, उत्तर अमेरिकेतल्या ॲपलाचिअन पट्ट्यातल्या कितीतरी जुन्या चुनखडींत मॅग्नेटाइट आहे, पण त्यातली दिशा खडकाच्या वयाची नाही. ती पुढे कोट्यवधी वर्षांनी, कार्बनिफेरसच्या अखेरीस आणि पर्मियनमध्ये पृथ्वीचं क्षेत्र दीर्घकाळ उलट्या ध्रुवतेचं असताना उमटलेली आहे. मॅग्नेटाइट दोन्हीकडे आहे. म्हणजे खनिजाचं नाव कळलं तरी उगम कळलेला नसतो. कणाचा आकार, आकारमान, रासायनिक शुद्धता, खडकातली जागा आणि वेळ, या पाचही गोष्टी जुळल्या तरच उगमाबद्दल बोलावं. ज्यांच्याकडे चुनखडीचे नमुने आहेत आणि खडक-चुंबकत्वाच्या प्रयोगशाळेत थोडीफार ये-जा आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

आधी वाटा ओळखून घ्या

पहिली वाट बाहेरून येणारी. नद्यांचा गाळ, वाऱ्याबरोबर आलेली धूळ, ज्वालामुखीची राख. अग्निजन्य खडकांतून आलेल्या मॅग्नेटाइटमध्ये बहुतेक वेळा टायटॅनियम असतं, कणांना तुटलेले कोपरे असतात, कधी आत इल्मेनाइट या लोह-टायटॅनियम ऑक्साइडच्या पट्ट्या दिसतात. ही खूण फार कामाची आहे, कारण गाळातच तयार झालेल्या मॅग्नेटाइटमध्ये टायटॅनियम जवळजवळ नसतंच. किनाऱ्यापासून दूर, चहूबाजूंनी खोल पाणी असलेल्या कार्बोनेट मंचावर, म्हणजे चुनखडीचा गाळ साचणाऱ्या उथळ समुद्री पठारावर, नदीचा गाळ पोचत नाही. तिथे धूळ आणि राख एवढंच बाहेरचं. याशिवाय आकाशातून पडणारे वैश्विक गोलक असतात. १८७२ ते १८७६ दरम्यानच्या चॅलेंजर या ब्रिटिश समुद्रसंशोधन मोहिमेत समुद्रतळाच्या गाळातून चुंबकाने असे गोलक वेगळे काढले गेले होते. त्यांचं प्रमाण इतकं कमी की खडकाच्या चुंबकत्वावर त्यांचा प्रभाव सहसा पडत नाही, पण अर्क काढल्यावर, म्हणजे खडक विरघळवून चुंबकीय कण वेगळे केल्यावर, सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसू शकतात आणि नवखा माणूस गोंधळतो.

दुसरी वाट सजीवांची, आणि कार्बोनेटच्या बाबतीत मला तीच सर्वांत रोचक वाटते. काही जिवाणू शरीरात मॅग्नेटाइटचे किंवा ग्रेगाइट या लोह सल्फाइडचे स्फटिक बनवतात आणि त्यांच्या मदतीने पृथ्वीच्या क्षेत्ररेषांना धरून पोहतात. सॅल्व्हातोरे बेलिनी यांनी १९६३ मध्ये अशा जिवाणूंची नोंद केली होती, पण ती फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. रिचर्ड ब्लेकमोर यांचा १९७५ चा शोधनिबंध आल्यावर विषयाला तोंड फुटलं. हे स्फटिक साधारण ३५ ते १२० नॅनोमीटरचे, रासायनिकदृष्ट्या अतिशय शुद्ध आणि माळेतल्या मण्यांसारखे एका ओळीत लावलेले असतात. मॅग्नेटाइटचा कण नेमका या आकारमानात ‘सिंगल डोमेन’ अवस्थेत असतो, म्हणजे संपूर्ण कण एकाच दिशेने चुंबकित. दिशा दीर्घकाळ जपायला याहून चांगला कण नाही. हे जिवाणू ऑक्सिजन संपत येतो त्या सीमेवर राहतात, मग ती सीमा पाण्यात असो वा गाळात. बाहेरून लोह फार न येणाऱ्या बहामा बँकच्या उथळ गाळातसुद्धा असं जैविक मॅग्नेटाइट सापडलं आहे. बाहेरून काहीच येत नसताना स्वच्छ कार्बोनेटमध्ये दिशा कशी टिकते, या कोड्याचं मोठं उत्तर इथे आहे.

सजीवांची आणखी दोन उदाहरणं लक्षात ठेवा. खडकावरचं शेवाळ खरवडून खाणाऱ्या कायटन या मृदुकाय प्राण्याच्या दातांवर मॅग्नेटाइटचं आवरण असतं. हाइन्झ लोवेनस्टाम यांनी ते १९६२ मध्ये दाखवून दिलं. झिजलेले दात गळून गाळात पडतात. दुसरं उदाहरण लोह-क्षपण करणाऱ्या जिवाणूंचं. हे मॅग्नेटाइट स्वतःच्या शरीरात साठवत नाहीत. श्वसनासाठी फेरिक लोह वापरतात आणि उपउत्पादन म्हणून पेशीबाहेर मॅग्नेटाइट तयार होतं. हे कण वेडेवाकडे आणि बहुतांश इतके बारीक असतात, की साध्या तापमानाला त्यांना दिशा धरूनच ठेवता येत नाही. अशा कणांना ‘सुपरपॅरामॅग्नेटिक’ म्हणतात.

तिसरी वाट गाळ पुरला गेल्यानंतरच्या रसायनाची. गाळात कुजणारा सेंद्रिय पदार्थ आधी ऑक्सिजन संपवतो, मग नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, त्यानंतर सल्फेट, आणि शेवटी मिथेन बनायला लागतो. सल्फेट क्षपणाच्या पट्ट्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतं आणि लोह मिळालं की पायराइट हे लोह सल्फाइड. पायराइटला स्वतःचं टिकाऊ चुंबकत्व नाही. मात्र सल्फाइड अपुरं पडलं तर प्रक्रिया अर्धवट थांबून ग्रेगाइट उरतं, आणि ते चांगलंच चुंबकीय असतं. ऑक्सिजन भरपूर असलेल्या खोल समुद्रातल्या तांबड्या चुनखडीत हेमॅटाइट हे तांबडं लोह ऑक्साइड दिसतं.

इथे कार्बोनेटची एक खोड समजून घेतली पाहिजे. चिकणमातीच्या गाळात लोह भरपूर असतं, त्यामुळे तयार झालेलं सल्फाइड तिथल्या तिथे अडकतं. स्वच्छ कार्बोनेट गाळात ते अडवायला लोहच नसतं. मग मोकळं सल्फाइड छिद्रांतल्या पाण्यातून फिरतं आणि आधीपासून असलेल्या मॅग्नेटाइटला खाऊन टाकतं. बारीक कणांचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा, म्हणून आधी तेच जातात. जिवाणूंच्या माळा नाहीशा होतात. मोठे टायटॅनियमयुक्त कण आणि सिलिकेट स्फटिकांच्या आत बंद असलेले कण मागे राहतात. पुढे कुणी तो खडक तपासतो, त्याला फक्त बाहेरून आलेले मोठे कण सापडतात आणि तो लिहून मोकळा होतो की इथलं चुंबकत्व नदीच्या गाळाचं. वाचलेले कण म्हणजे आलेले सगळे कण नव्हेत, हे इथे विसरून चालणार नाही.

चौथी वाट खोल पुरणाची. स्मेक्टाइट नावाचं चिकणमातीचं खनिज तापमान वाढलं की इलाइटमध्ये बदलतं. हा बदल साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे सुरू होतो. त्या वेळी सुटलेलं लोह नवीन मॅग्नेटाइट बनवू शकतं. फ्रान्सच्या आग्नेयेकडच्या व्होकाँशियन द्रोणीत याचं छान उदाहरण मिळालं: जिथे स्मेक्टाइट शिल्लक होतं तिथे चुंबकत्व जुनं, आणि जिथे इलाइट झालं होतं तिथे नंतरचं. याशिवाय पर्वत उभे राहताना खडकांतून पिळून निघालेले गरम क्षारयुक्त द्रव आणि खनिज तेलाचं स्थलांतर हीही कारणं मांडली गेली आहेत. ॲपलाचिअन चुनखडींतून १९८३ मध्ये काढलेल्या अर्कात टायटॅनियमरहित, गोलसर मॅग्नेटाइट दिसलं, आणि १९९० मध्ये चुनखडीतल्या रासबेरीसारख्या पायराइट पुंजक्यांची जागा मॅग्नेटाइटने घेतल्याचं थेट सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं गेलं. त्यामुळे गोल कण दिसला की लगेच आकाशाकडे बोट दाखवू नये.

पाचवी वाट आत्ताची. खडक उघडा पडला की पायराइट आणि सिडेराइट (लोहाचं कार्बोनेट) गंजतात. गोएथाइट (लोहाचं पाणीयुक्त ऑक्साइड), हेमॅटाइट, मॅग्हेमाइट (ऑक्सिडीकृत मॅग्नेटाइट) बनतात. आणि सहावी वाट माणसाची: ड्रिलचं पोलाद, हातोडीचे कण, कोळसा जाळणाऱ्या भट्ट्यांच्या राखेतले गोलक.

पायरी १: नमुना कुठून घ्यायचा

खडक फोडून आतला रंग पाहा. निळसर-करड्या गाभ्याभोवती पिवळट-तपकिरी कडा असेल, तर ती कडा विदारणाची आणि तिथे गोएथाइट असणार. गाभा आणि कडा दोन्हींचे नमुने घ्या, पण वेगवेगळ्या पिशव्यांत. कडेचा नमुना टाकाऊ नसतो. विदारणाने काय बदलतं याचा तो घरचाच पुरावा असतो.

एकाच जातीचा थर पकडून बसू नका. चिकणमाती जास्त असलेला थर, स्वच्छ थर, डोलोमाइट झालेला भाग, भेगेजवळचा भाग आणि भेगेपासून दूरचा भाग, असे जोड्यांनी नमुने घ्या. बाहेरून आलेल्या कणांचं प्रमाण चिकणमातीच्या प्रमाणाबरोबर वाढतं. द्रवांनी आणलेलं खनिज भेगांच्या आणि छिद्रांच्या मागे जातं. ही तुलना कुठल्याही महागड्या यंत्राशिवाय बरंच सांगते. थरांना घडी पडली असेल तर घडीच्या दोन्ही बाजूंचे दिशांकित नमुने घ्या. जवळ चुनखडीचेच गोटे असलेला पिंडाश्म, म्हणजे गोट्यांचा खडक, मिळाला तर तोही घ्या. हे दोन्ही नमुने पायरी ७ मध्ये लागणार आहेत, आणि तेव्हा पुन्हा मैदानात जाणं प्रत्येकाला परवडत नाही.

मऊ गाळाचा नळकांडी नमुना असेल तर तो थंड ठेवा आणि लवकर मोजा. हवा लागली की ग्रेगाइट आणि इतर लोह सल्फाइडं बदलायला लागतात.

पायरी २: पोलाद दूर ठेवा

सर्वसाधारण चुंबकीय खडकांत थोडं पोलाद लागलं तरी चालून जातं. चुनखडीत तसं नाही. खडकाचं स्वतःचं चुंबकत्वच इतकं क्षीण असतं की करवतीचा एक ओरखडा निकाल फिरवू शकतो. हिऱ्याच्या टोकाचं ड्रिल पाण्याने थंड करत वापरा. दंडगोल कापून झाल्यावर पृष्ठभाग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात क्षणभर धुऊन भरपूर पाण्याने स्वच्छ करा. वरचा कॅल्साइटचा थर विरघळला की त्याला चिकटलेलं पोलादही निघून जातं. भुकटी करायची असेल तर अगेटचा खलबत्ता घ्या.

पुढे तापवताना एक खूण लक्षात ठेवा: शुद्ध लोहाचं क्यूरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर टिकाऊ चुंबकत्व उरत नाही ते, ७७० अंश आहे. ६८० अंशांच्या वरही चुंबकत्व शिल्लक राहिलं तर खडकाचा अभ्यास थांबवून आधी आपल्या अवजारांचा अभ्यास करावा.

पायरी ३: न तापवता जेवढं कळेल तेवढं काढून घ्या

क्रम महत्त्वाचा आहे. तापवल्यावर नमुना पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, म्हणून नैसर्गिक अवशिष्ट चुंबकत्व (खडकाने निसर्गात धरून ठेवलेलं) आणि ग्राह्यता आधी मोजा. पांढऱ्या चुनखडीसाठी साधा स्पिनर मॅग्नेटोमीटर बऱ्याचदा अपुरा पडतो. अतिसंवाहक स्क्विड मॅग्नेटोमीटर मिळाला तर उत्तम. रिकाम्या नमुनाधारकाचं वाचन दर वेळी वजा करा. ही गोष्ट फार क्षुल्लक वाटते, पण क्षीण नमुन्यांत धारकच नमुन्याहून बोलका असतो.

मग नमुन्याला पायरीपायरीने वाढत्या क्षेत्रात ठेवून त्याने धरलेलं चुंबकत्व, म्हणजे आयआरएम, मोजा. मॅग्नेटाइट, ग्रेगाइट यांसारखी ‘मऊ’ खनिजं साधारण ०.३ टेस्लाच्या आत संपृक्त होतात. हेमॅटाइटचा आलेख १ टेस्लाच्या पुढेही चढत राहतो. गोएथाइट तर प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या चुंबकांना दाद देत नाही. एक सावधगिरी: हेमॅटाइट मॅग्नेटाइटच्या तुलनेत कित्येकशे पटींनी क्षीण असतं. आलेखात ९० टक्के वाटा मऊ खनिजाचा दिसला तरी वजनाने हेमॅटाइट मॅग्नेटाइटपेक्षा खूप जास्त असू शकतं. चुंबकत्वातला वाटा आणि वजनातला वाटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालात दोन्ही एकाच वाक्यात मिसळल्या की वाचणारा हमखास फसतो.

पायरी ४: थंड करून पाहा

मॅग्नेटाइट १२० केल्विनच्या आसपास, म्हणजे सुमारे उणे १५३ अंश सेल्सिअसला, रचना बदलतं. याला व्हर्वे संक्रमण म्हणतात. अतिथंड तापमानात चुंबकित केलेला नमुना गरम होत असताना इथे चुंबकत्व एकदम पडतं. जिवाणूजन्य मॅग्नेटाइटमध्ये हे बहुधा थोडं खाली, १०० केल्विनच्या जवळपास सापडतं. पायरोटाइट या चुंबकीय लोह सल्फाइडचं संक्रमण ३० ते ३४ केल्विनदरम्यान. हेमॅटाइटचं मोरिन संक्रमण सुमारे उणे १० अंश सेल्सिअसला, फक्त कण फार बारीक नसायला हवेत. ग्रेगाइटला असं कुठलंच संक्रमण नाही, आणि हे ‘नसणं’ पुढे कामी येतं.

जिवाणूंच्या माळा शाबूत आहेत का, याची एक चाचणी १९९३ पासून वापरात आहे. नमुना एकदा तीव्र क्षेत्रात थंड करायचा, एकदा शून्य क्षेत्रात थंड करून मग चुंबकित करायचा, आणि व्हर्वे संक्रमणापाशी चुंबकत्व किती पडतं याचं दोन्हीतलं गुणोत्तर काढायचं. ते २ च्या वर गेलं तर माळा शाबूत असण्याची शक्यता मोठी. खाली आलं म्हणून जिवाणूंना बाद करू नका. माळा कोसळल्या असतील किंवा मॅग्नेटाइट अंशतः ऑक्सिडीकृत झालं असेल, तरी गुणोत्तर घसरतं.

ही सोय प्रत्येक प्रयोगशाळेत नसते. नसेल तर पुढे चला, फक्त निष्कर्ष तेवढ्या बेताने काढा.

पायरी ५: तीन अक्षांची तापचाचणी

विल्यम लॉरी यांनी १९९० मध्ये सुचवलेली ही पद्धत चुनखडीसाठी अजूनही सर्वांत उपयोगी आहे, असं माझं मत. दंडगोलाच्या एका अक्षावर उपलब्ध असेल तेवढं मोठं क्षेत्र द्या (हा कठीण अक्ष). मग त्याला काटकोनात ०.४ टेस्ला (मधला). मग तिसऱ्या अक्षावर ०.१२ टेस्ला (मऊ). क्रम मोठ्याकडून लहानाकडेच. उलटा केला तर मोठं क्षेत्र आधीचं सगळं पुसून टाकतं. आता नमुना टप्प्याटप्प्याने तापवा, प्रत्येक वेळी शून्य क्षेत्रात थंड करा, तिन्ही अक्षांवरचं चुंबकत्व वेगवेगळं मोजा.

कठीण अक्ष १२० अंशांपाशी कोसळला तर गोएथाइट. कठीण अक्ष ६८० अंशांपर्यंत टिकला तर हेमॅटाइट. मऊ आणि मधला अक्ष ५८० अंशांना संपले तर मॅग्नेटाइट. मधला अक्ष ३२० अंशांच्या आसपास संपला तर पायरोटाइटचा विचार करा, पण इथे घाई नको. त्याच पट्ट्यात ग्रेगाइट विघटित होतं, मॅग्हेमाइट हेमॅटाइटमध्ये बदलू शकतं आणि टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचं क्यूरी तापमानही तिथे असू शकतं. पायरी ४ मधलं ३२ केल्विनचं संक्रमण दिसलं असेल तर पायरोटाइट; कुठलंच संक्रमण नसेल, कण सिंगल डोमेन असतील आणि खडक तरुण, सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध असेल तर ग्रेगाइट.

प्रत्येक टप्प्यानंतर साध्या तापमानाला ग्राह्यता मोजत राहा. ४०० अंशांच्या आसपास ती अचानक उसळली तर नमुन्यातलं पायराइट किंवा सिडेराइट भट्टीत मॅग्नेटाइट बनत आहे. ते मॅग्नेटाइट तुमचं आहे, खडकाचं नाही. करड्या चुनखडींत हे इतक्या नेहमी होतं, की त्या नमुन्यांची नैसर्गिक दिशा काढताना मी तापवण्याऐवजी प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा सतत उलटत हळूहळू कमी होत जाणाऱ्या, क्षेत्राने चुंबकत्व उतरवण्याकडे झुकेन. कठीण खनिज असेल तर अर्थातच तो मार्ग बंद.

पायरी ६: कणांचं आकारमान

हिस्टेरिसिसचं वेटोळं काढा, म्हणजे क्षेत्र वाढवत आणि उलटं करत नेताना चुंबकत्व कसं बदलतं त्याचा आलेख. कार्बोनेटमध्ये उणे उतार असलेली रेषा दिसेल; ती कॅल्साइटची, वजा करावी. नंतरच्या काळात चुंबकित झालेल्या पुराजीव महाकल्पातल्या चुनखडींत हे वेटोळं मधे आवळलेलं, कंबरेत बारीक दिसतं. माइक जॅक्सन यांनी १९९० मध्ये उत्तर अमेरिकेतल्या अशा खडकांचा अभ्यास करून ही वेटोळी अत्यंत बारीक मॅग्नेटाइटशी जोडली: काही कण सिंगल डोमेन, काही सुपरपॅरामॅग्नेटिक. गाळातच हळूहळू वाढलेल्या कणांत असं मिश्रण अपेक्षित आहे, कारण सगळे सारखे वाढत नाहीत. मात्र मऊ आणि कठीण खनिज, म्हणजे मॅग्नेटाइट आणि हेमॅटाइट, एकत्र असलं तरी कंबर आवळते. पायरी ३ आणि ५ मध्ये हेमॅटाइट नाकारल्याशिवाय या खुणेवर विसंबू नये.

फोर्क (FORC) आकृती काढता आली तर ती काढाच; अशा अनेक अर्धवट उलटवलेल्या वेटोळ्यांवरून ती बनते. जिवाणूंचे कण एकमेकांपासून चुंबकीयदृष्ट्या अलिप्त असतात, म्हणून आकृतीत आडव्या अक्षालगत एक अरुंद, धारदार कणा दिसतो. बाहेरून आलेले मोठे कण उभ्या दिशेने पसरतात. ग्रेगाइट एकमेकांना चिकटून वाढतं, त्यामुळे त्याची समोच्च वर्तुळं गोलसर आणि केंद्र खाली सरकलेलं. क्षीण चुनखडीत या आकृतीत गोंगाट फार येतो. मोजमाप अनेकदा करून सरासरी काढावी लागते. एवढा वेळ यंत्र मिळणार नसेल, तर थोडे प्रातिनिधिक नमुने निवडून तेच नीट करा.

पायरी ७: कण डोळ्यांनी पाहणं आणि वेळ ठरवणं

आतापर्यंतचे सगळे पुरावे अप्रत्यक्ष. कण बाहेर काढायचे तर कार्बोनेट विरघळवावं लागतं, आणि इथे हायड्रोक्लोरिक आम्लाचा मोह टाळा; ते बारीक लोहखनिजंही खातं. सोडियम ॲसिटेटने पीएच ५ च्या आसपास राखलेलं ॲसिटिक आम्ल घ्या, ते वेळोवेळी बदला आणि घाई करू नका. डोलोमाइट याहूनही सावकाश विरघळतं. स्वच्छ चुनखडीचा पुरेसा अर्क मिळायला किलोच्या घरात खडक लागू शकतो. उरलेला गाळ पाण्यात ढवळत ठेवून शक्तिशाली चुंबकाने कण ओढा. चुंबक थेट बुडवण्याऐवजी काचेच्या नळीत ठेवा, म्हणजे कण काढून घेता येतात. काढल्यानंतर मूळ गाळ आणि उरलेला गाळ यांचा आयआरएम मोजून किती टक्के कण खरंच हाती आले ते पाहा. चुंबक मोठे कण पटकन ओढतो, बारीक मागे राहतात. हा आकडा दिल्याशिवाय अर्काची छायाचित्रं छापू नयेत, असं मला वाटतं.

पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ३५ ते १२० नॅनोमीटरचे, ठरावीक आकाराचे, टायटॅनियमरहित कण माळेत दिसले तर जिवाणू. मायक्रोमीटरचे, कोपरे तुटलेले, टायटॅनियमयुक्त कण दिसले तर बाहेरचे. गोलक दिसला तर निकेल तपासा: वैश्विक गोलकात ते असण्याची शक्यता मोठी, भट्टीच्या राखेत सहसा नसतं, आणि पायराइटच्या पुंजक्यापासून झालेल्या गोलकात बारीक स्फटिकांची मूळ मांडणी दिसते. या शेवटच्या प्रकारासाठी अर्क पुरत नाही. खडकाचा पॉलिश केलेला पातळ छेद घ्या. मॅग्नेटाइट भेगेत आहे, डोलोमाइटच्या स्फटिकांदरम्यान आहे, की जीवाश्माच्या कवचाच्या आत आहे, हे फक्त छेदच सांगतो.

वेळेसाठी जुन्या, साध्या चाचण्या. घडी चाचणी जॉन ग्रॅहम यांनी १९४९ मध्ये मांडली: थर कागदावर पुन्हा सपाट केल्यावर दिशा एकवटल्या तर चुंबकत्व घडीआधीचं, विखुरल्या तर घडीनंतरचं, आणि अर्धवट सपाट केल्यावर सर्वांत जास्त एकवटल्या तर बहुधा घडी पडत असतानाचं. पिंडाश्मातल्या गोट्यांच्या दिशा वेड्यावाकड्या असल्या तर चुंबकत्व गोटे वाहून येण्याआधीचं. सगळ्या एकसारख्या असल्या तर नंतरचं. थरांच्या क्रमात दोन्ही ध्रुवता नेटक्या उलट दिशांनी आळीपाळीने येत असतील तर तीही जुनेपणाची बाजू. घडीआधीचं म्हणजे गाळाच्या वेळचंच, असं मात्र धरू नका. गाळ आणि घडी यांच्यात कोट्यवधी वर्षांचं अंतर असू शकतं.

पुरावे भांडले तर

समजा एका करड्या चुनखडीत मॅग्नेटाइट आहे, वेटोळ्याची कंबर आवळलेली आहे, हेमॅटाइट नाही. चिकणमाती इलाइट झालेली आहे, दिशा घडीनंतरच्या आहेत, छेदात पायराइटच्या पुंजक्यांभोवती मॅग्नेटाइटची कडा आहे. इथे फारसा वाद नाही: कण पुरणानंतरचे.

आता त्याच खडकाच्या अर्कात थोडे टायटॅनियमयुक्त मोठे कणही सापडले. बरेच जण इथे अडखळतात आणि ‘मिश्र उगम’ एवढंच लिहून थांबतात. त्यापेक्षा विचारा की दिशा कोण धरून आहे. मोठे, बहुडोमेनी (ज्यांचे भाग वेगवेगळ्या दिशांनी चुंबकित असतात असे) कण सौम्य प्रत्यावर्ती क्षेत्रात, साधारण २० मिलिटेस्लाच्या आत, आपलं बरंचसं चुंबकत्व सोडतात. टिकाऊ दिशा त्यानंतरही तशीच राहिली तर ती बारीक कणांची, आणि मोठे कण खडकात असूनही दिशेच्या बाबतीत गप्प आहेत. मग निष्कर्ष दोन वाक्यांत लिहा: खडकात कोणती खनिजं कुठून आली आहेत ते एका वाक्यात, आणि मोजलेली दिशा त्यांपैकी कोणत्या खनिजाने केव्हा धरली ते दुसऱ्यात. पुरावा दुसऱ्या वाक्यापुरता अपुरा असेल तर फक्त पहिलंच लिहा, आणि अर्धा दंडगोल न तापवता जपून ठेवा.